चौसष्टाव्या अक्षरापाशी

लक्ष्मीपती इराबत्ती, जॉबर, साखर पेठ,
गेल्या पौषात गेले.
विमला पेन ड्राइव्ह रुमालाच्या गाठीत बांधून आली.
नायनांची वही आहे, म्हणाली,
वर्षश्राद्धाला छोटं पुस्तक करायचंय, पन्नास प्रती.
जास्त वाटायला माणसं राहिली कुठं आता.

वही टाइप केली होती तिच्या भावानं,
जुन्या काळ्या पडद्यावर.
चौसष्ट अक्षरं भरली की एन्टर,
शब्द अर्ध्यात असला तरी एन्टर.
'सिद्धे' वरच्या ओळीत, शेजारी आडवी रेघ,
'श्वर' खाली,
देव तळ्याच्या दोन काठांना.

अकराशे ओळी. हातानं सांधायच्या
तर आठवडा गेला असता. मी स्क्रिप्ट लिहायला घेतली,
शेजारच्या माडीवर माग खडखडत होते.

ओळीच्या टोकाला रेघ दिसली
तर रेघ गिळ, एन्टर गिळ, शब्द एक कर.
टोकाला पूर्णविराम नसला, प्रश्न नसला,
तर एन्टर काढ, तिथं एक मोकळी जागा ठेव.
आणि पुढं नुसतं डोकाव, पाऊल टाकू नको:
खाली ओळ रिकामी असली तर मागं फिर,
तिथं परिच्छेद निजलाय.

नियमाला मराठी येत नव्हती.
अक्षर दाखव म्हटलं की क दाखवायचा,
त्याचा काना दाखवायचा नाही.
वेलांटी त्याला वर उडालेला सुताचा कण वाटायची.
एकेकाची ओळख करून दिली:
हा काना, ही मात्रा, हा अनुस्वार,
घरचेच आहेत रे, दारात उभे करू नको.

रात्री साडेअकराला चालवली.
पापणी लवायच्या आत
अकराशे ओळींचे परिच्छेद झाले, गुळगुळीत.
सहाव्या पानावर नायनांनीच लिहिलं होतं,
'तुटलेला धागा सांधताना गाठ अशी मारावी
की पांघरणाऱ्याच्या गालाला लागू नये.'
मी पडद्यावरून डोळे फिरवले. कुठं लागत नव्हतं.

विमला प्रूफ वाचत एकतिसाव्या पानावर अडली.
'आज सिव्हिलला नेलं अनसूया बोलली पाणी दे म्हणाली दिलं नाही प्याली'

दिलं नाही?
तिनं मला विचारलं. नायनांनी अम्माला पाणी दिलं नाही?

मी मूळ फाइल उघडली.

आज सिव्हिलला नेलं
अनसूया बोलली
पाणी दे म्हणाली
दिलं
नाही प्याली

विरामचिन्ह एकही नव्हतं.
नायना एन्टरनंच थांबत होते,
आणि मी त्यांचं थांबणं पुसून
त्यांच्या हातातला पेला काढून घेतला होता.

नवा नियम घातला: चाळीस अक्षरांहून आखूड ओळीला
हात लावायचा नाही.
ती जागा संपली म्हणून तुटलेली नाही,
माणूस तिथं थांबला होता.
पुन्हा चालवली. पेला परत आला.
मला बरं वाटलं,
कारण निदान आता नियम माझ्या बाजूनं होता.

शेवटच्या पानावर विमलानं बोट ठेवलं.

मिलचा भोंगा वाजला आणि आम्ही
सगळे बाहेर आलो.

हे जोडा.
म्हटलं, आखूड आहे, थांबले असतील इथं.
भोंगा शेवटचा होता ना.

छे हो, इथं लाईट गेली होती.
गोवर्धन वैतागला, एवढंच वाचलं होतं.
लाईट आल्यावर खालून सुरू केलं त्यानं.
मी मेणबत्ती धरून मागं उभी होते,
मेण सांडलं म्हणून शिव्या खाल्ल्यात.

ह्याला कुठला नियम लिहू?
कुठलं बटण, तिनं विचारलं. दाखवलं.
विड्या वळून पिवळ्या पडलेल्या बोटानं
तिनं ते एकदाच दाबलं, जरा जास्त जोरात.

'आम्हीसगळे' झालं, शब्दाला शब्द चिकटून,
फाटकातून एकदम निघाल्यासारखा.
मी मध्ये जागा ठेवणार होते.
राहू द्या थोडा वेळ, म्हणाली.